सगळ्यांना सारखी वीस मिनिटं

आमच्या कामात एक नियम आहे. तो कुठल्या पुस्तकात छापलेला मी तरी पाहिला नाही, पण वस्तीत जाऊन एचआयव्हीची तपासणी करणाऱ्या आम्ही बायका तो पाळतो. पडद्याआड प्रत्येकीला सारखाच वेळ बसवायचं. जिला काही निघालं नाही तिलाही वीस मिनिटं, जिला निघालं तिलाही वीस मिनिटं, आणि 'मला ही तपासणी नकोच' म्हणाली तिलाही वीस मिनिटं. कारण बाहेर रांगेत बसलेल्या बायका मोजत असतात. हातात भाजी निवडायला घेतलेली असते, पण लक्ष सगळं पडद्याकडे. कोण किती वेळ आत होती, बाहेर आली तेव्हा डोळे कसे होते, चप्पल घालताना अडखळली का, काही म्हणजे काही सुटत नाही. पाच मिनिटांत सुटली ती चांगली आणि अर्धा तास बसली ती तसली, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

मला हा नियम शिकवला तो मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या बाईंनी. त्या निरोगी निघालेल्या बाईला समोर बसवून काहीही बोलत राहायच्या. पोरांच्या शाळेचं, नळाच्या पाण्याचं, सुकटीला मुंग्या लागतात त्याचं. ती बिचारी चुळबुळ करायची, घरी दूध तापत ठेवलंय म्हणायची, बाई ढिम्म. मला एकदा म्हणाल्या, "तुला बोलायला सुचत नसेल तर भजन म्हण. पण वीस मिनिटं होईपर्यंत तिला उठू द्यायचं नाही." मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे अकरा वर्षं मी तो नियम पाळला आणि एकदा मोडला. ज्या एकीसाठी मोडला, तिच्याबद्दल हे लिहितेय. तिचं नाव लिहिणार नाही, कोणाचंच लिहिणार नाही. तो हक्क मला नाही.

घाटकोपरला स्टेशनवरून रिक्षा केली की थोड्या वेळात डोंगराचा पायथा येतो. तिथे रिक्षावाला हात वर करतो, पुढे तुमचे पाय आणि तुम्ही. वरच्या एका गल्लीत बालवाडीची खोली होती, ती महिन्यातून दोनदा आम्हाला मिळायची. बाहेर 'महिला आरोग्य तपासणी' असा फलक लावायचा. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि त्यातच ही एक. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, पंधरा-वीस मिनिटांत निकाल दिसतो. मग एकेकीला आत बोलवायचं. आत म्हणजे काय, तर दोरीवर जुनी साडी टाकून केलेला कोपरा, लहान पोरांच्या दोन खुर्च्या आणि भिंतीवर अननसाचं चित्र.

बायका गोळा करायचं काम गल्लीतल्या एका काकी करायच्या. मूळच्या मालवणकडच्या, पन्नाशीच्या, आवाज असा की या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला ऐकू जावं. कोणाची पाळी कधीची, कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, कोणाच्या घरी कोण पाहुणा, सगळं काकींना ठाऊक. माझा फोन नंबर त्यांच्याकडे होता, शिबिराची वेळ बदलली तर मी त्यांनाच कळवायचे. त्यांच्याशिवाय त्या गल्लीत मला कोणी उभं केलं नसतं, हे मी कबूल करते. गोड बाई होत्या. मला भाकरी खायला घातल्याशिवाय उतरू द्यायच्या नाहीत.

त्या दिवशी वटपौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले असतील. रांगेत एक नवी मुलगी होती. मुलगीच म्हणते, बावीस-तेवीसची असेल. गाऊनवर ओढणी घेतलेली, केस ओले. घरी बसून ती खोट्या कानातल्यांना खडे चिकटवायची. मी टोचायला तिचं बोट हातात घेतलं तर बोटांच्या टोकांवर गोंद वाळून कातडं टणक झालेलं. सुई आत जाईना. मी स्पिरिटने घासलं, नखाने खरवडलं, तरी नाही. ती म्हणाली, "ताई, करंगळी टोच. तिथे गोंद पोचत नाही." आणि हसली. मी पण हसले. करंगळीतून थेंब आला.

तिला चौथा महिना लागला होता. आधीचं एक पडलेलं. म्हणून सासूने ठरवलं होतं की पाचवा संपेपर्यंत दवाखान्यात नाव घालायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, नजर लागते. हे तिने मला कानात सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे, पण नाव लवकर घालायला हवं, मी बघते. ती बाहेर जाऊन बसली.

मग पट्टीवर दोन रेघा आल्या. एक रेघ सगळ्यांचीच येते. दुसरी आधी पुसट होती, मी खिडकीपाशी नेऊन पाहिली, डोळे चोळून पाहिली. ती माझ्या डोळ्यांसमोर गडद होत गेली.

हे काम करताना अशा रेघा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. काय बोलायचं ते पाठ होतं. ही पहिली पायरी आहे, यावरून काही पक्कं होत नाही, मोठ्या हॉस्पिटलात अजून तपासण्या करून पक्कं करायचं. पक्कं झालं तरी गोळ्या आहेत, फुकट मिळतात, रोज घेतल्या की माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. आणि पोटात बाळ असेल तर गोळ्या जितक्या लवकर सुरू तितकं बरं, बाळाला वाचवता येतं. हे सगळं मी तिला सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "बाळाला?" मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचे गुडघे हलायला लागले, इतके की ती छोटी खुर्ची फरशीवर टकटक वाजायला लागली. बाहेर ऐकू जाईल म्हणून मी तिचे गुडघे दोन्ही हातांनी धरले.

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. वीस मिनिटं झाली ते मला दिसलं. चांगलं दिसलं. आणि मी घड्याळ उलटं करून ठेवलं. का, म्हणाल, तर मला तिला तशीच उठवून त्या बायकांच्या पुढ्यात पाठवणं जमेना. तिला थोडी सावरू दे, पाणी पिऊ दे, म्हटलं, मग जाईल. माया केली मी. मायाच केली, दुसरं काही नाही. आणि वर कळस म्हणजे पडदा जरासा बाजूला करून मी काकींना म्हटलं, काकी, दोन चहा सांगता का? काकींनी सांगितला, स्वतः आणून दिला. पडद्याआडून हात घालून मी दोन ग्लास घेतले. आजपर्यंत त्या खोलीत कोणाला मी चहा पाजला नव्हता. हे मला सुचायला हवं होतं की नको? अकरा वर्षं हेच करत होते ना मी?

चहा पिऊन ती शांत झाली. मग आम्ही पुढचं ठरवलं. हॉस्पिटलची चिठ्ठी ती घेईना, सासू पिशव्या तपासते म्हणाली. फोन नवऱ्याचा, त्यावर माझा नंबर नको म्हणाली. मी म्हटलं, मग असं कर, सोमवारी सकाळी साडेनऊला खाली बस स्टॉपवर ये. मी उभी असेन. माझ्याशी बोलायचं नाही, ओळख दाखवायची नाही, नुसतं माझ्या मागून चालायचं. हॉस्पिटल कुठलं, खोली कुठली, तुला काही लक्षात ठेवायची गरज नाही, मी नेते. अशी आम्ही पुष्कळ जणींना नेतो. आणि शेवटी मी तिला आणखी एक वाक्य बोलले, ते आजही माझ्या कानात वाजतं.

"दुसऱ्या कोणाला काही विचारू नकोस. फक्त माझ्याकडे यायचं. मी आहे ना."

ती बाहेर गेली तेव्हा घड्याळ सरळ केलं. पस्तीस मिनिटं झाली होती.

बाहेर सगळं चिडीचूप. एरवी त्या बायका गप्प बसतील तर शपथ. पुढचा नंबर काकींचाच होता. त्या म्हणाल्या, मला नको आज, पाणी यायची वेळ झाली. त्यांच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी पडद्यातून बाहेर आले तेव्हा खोलीत मी आणि वजनाचा काटा. केवढी माती खाल्ली आपण, हे तेव्हा कळलं. खिडकीतून दिसत होतं, ती गल्लीतून चालली होती आणि दारात उभ्या बायका तिला वाट देत होत्या. त्या एवढ्याशा गल्लीत, जिथे माणूस माणसाला घासल्याशिवाय जात नाही, तिथे तिला वाट दिली जात होती.

सोमवारी मी नऊ वाजताच स्टॉपवर जाऊन उभी राहिले. एक वाजेपर्यंत उभी होते. एका केळीवाल्याने मला विचारलंसुद्धा, ताई, कुठली बस पाहिजे तुम्हाला? ती आली नाही.

मंगळवारी वर चढले. तिच्या दाराला कुलूप. काकी समोरच तांदूळ निवडत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. सासू घेऊन गेली गावाला, म्हणाल्या. कुठल्या गावाला? काय ठाऊक. जिला अख्ख्या डोंगराची कुंडली पाठ, तिला हे ठाऊक नाही! डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण करणार काय? चारचौघांत तिचं नाव घेऊन चौकशी करावी, तर जे काही झाकलेलं असेल तेही मीच उघडं केल्यासारखं. आमच्या कामाची ही एक गोची आहे. जिला शोधायचं, तिला शोधतोय असं दिसता कामा नये.

पुढची दोन शिबिरं मी घेतली. पहिल्याला दोघी आल्या, दुसऱ्याला एकही नाही. गल्लीत पसरलं होतं की त्या ताईकडे गेलं की नाव बाहेर येतं. त्यांचं तरी काय चुकलं? आलंच होतं. भाकरी खाऊन जा म्हणणाऱ्या काकी मला बघून दार लोटून घ्यायला लागल्या. मी त्या बालवाडीत एकटी बसायचे आणि भिंतीवरचं अननस बघायचे. तिसऱ्या वेळी डोंगर चढायचा म्हटलं तर पाय उचलेना. आमच्या मुख्य बाईंना मी सांगितलं, गुडघे दुखतात, मला सपाटीवरची वस्ती द्या. गुडघे ठणठणीत होते. मी काढता पाय घेतला, हे खरं. त्या विभागात दुसरं कोणी लगेच नेमलं नाही, बालवाडीची खोली पण सुटली.

मला जोगेश्वरी मिळाली आणि महिन्यातून दोनदा मनोरी. मार्व्याहून बोटीने पलीकडे जायचं, तिथे एका शाळेच्या व्हरांड्यात बसायचं. तिथल्या कोळणी माझ्या वीस मिनिटांना अस्सल शिव्या द्यायच्या. एक तर म्हणाली, मावरं वास मारेल तोवर, तुझ्या घरी आणून टाकू का? मी तिलाही उठू दिलं नाही. एका ख्रिस्ती म्हातारीने शेवटी पाव आणि भाजलेला बांगडा आणला, म्हणाली, बसवणारच आहेस तर खाऊ तरी. मी हसायचे, गप्पा मारायचे, काम चोख करायचे. घड्याळ आता टेबलाला दोरीने बांधून ठेवलं होतं.

पण डोंगरावरची ती मुलगी मनातून गेली नाही. ती माझ्याबरोबर बोटीतून यायची. मी कोणाचंही बोट टोचायला हातात घेतलं की आधी टोकावरून अंगठा फिरवून बघायचे, गोंद आहे का. ही सवय माझी मलाच कळली नव्हती, एका बाईने हात मागे घेतला तेव्हा कळली. बाजारात, मेट्रोच्या जिन्यावर, जोगेश्वरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या गल्लीत गाऊनवर ओढणी घेतलेली कोणी पाठमोरी दिसली की मी पाय उचलून पुढे जायचे आणि वळून बघायचे. कधी नाक वेगळं, कधी वय वेगळं. एकदा एकीने मला सुनावलं, काय बघतेस गं एवढं? मी माफी मागितली. तिच्या कडेवर मूल होतं. मी त्या मुलाकडे बघत होते, गुटगुटीत आहे का, अंगावर काही आहे का. दर वर्षी मी तिच्या मुलाचं वय एकाने वाढवायचे. मुलगा की मुलगी, ते ठरवायचं मात्र धाडस झालं नाही.

माझ्याकडे एक औषध होतं, ते मी रोज घ्यायचे. मी स्वतःला सांगायचे, पाचवा संपल्यावर गावाकडे तिचं नाव घातलं असणार. सरकारी दवाखान्यात पोटुशी बाईची ही तपासणी करतातच. तिथल्या कोणीतरी दोन रेघा पाहिल्या असणार, माझ्यासारखा गाढवपणा न करता तिला नीट सांगितलं असणार, गोळ्या सुरू केल्या असणार. मूल आता शाळेत जात असेल. असं मी इतक्यांदा सांगितलं की मला तो दवाखाना दिसायचा, बाकावर बसलेली ती दिसायची. माझी चूक पस्तीस मिनिटांची होती, त्या चुकीने तिचं घर गेलं असेल, पण मूल वाचलं असणार. एवढ्यावर मी पाच वर्षं काढली.

मग मागच्या वर्षी जोगेश्वरीच्या शिबिरात काकी आल्या.

लोक आपल्या गल्लीत तपासणी करत नाहीत, लांब जातात. त्यात नवल नाही. पदर डोक्यावरून ओढून, खाली मान घालून एक बाई खुर्चीवर बसली. मी बोट हातात घेतलं आणि वर बघितलं तर काकी. बारीक झालेल्या, आवाज बसलेला. मला बघून त्या उठायलाच लागल्या. मी म्हटलं, बसा. इथे तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. त्या बसल्या. हळूहळू सांगितलं. नवऱ्याला टीबी झाला, औषधं सुरू करताना रक्त तपासलं, त्यात हे निघालं. डॉक्टरांनी तुम्हीही तपासून घ्या म्हटलं. दोन महिने त्यांनी घालवले, शेजारी कोणाला कळेल म्हणून. शेवटी मेट्रो पकडून इकडे आल्या.

त्या बाहेर जाऊन थांबल्या आणि मी पट्टीकडे बघत बसले. माझ्या मनात काय काय आलं ते मी लिहिणार नाही, पण देवाशपथ, दुसरी रेघ यावी असं आलं नाही. नाही आली. एकच रेघ होती. पंधरा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, एकच.

मी त्यांना आत बोलावून सांगितलं. आज काही नाही, तीन महिन्यांनी पुन्हा एकदा करायची, तोवर काळजी कशी घ्यायची, नवऱ्याच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत. काकी पदरात तोंड घालून रडल्या. मग डोळे पुसून उठायला लागल्या. मी म्हटलं, अजून तेरा मिनिटं आहेत, बसा.

"कशाला? काही नाय ना मला?"

नाही म्हणूनच बसा, मी म्हटलं. आणि का ते सांगितलं. बाहेर आठ बायका आहेत, त्या मोजतायत. तुम्ही लवकर गेलात तर तुमचं भलं आहे, पण तुमच्यामागून जी येईल आणि जिला लवकर सोडता येणार नाही, तिचं काय? सगळ्यांना सारखी वीस मिनिटं, तेव्हाही हाच नियम होता, काकी. मी एकदाच मोडला. तुम्ही चहा आणून दिला होता.

हे मी रागाने बोलले नाही. म्हणजे राग होता, पण आवाजात नव्हता. काकी खाली बसल्या आणि बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. भजन म्हणायची वेळ होती, पण मला कुठलंच आठवत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "ताई गो, ती आली होती."

मला आधी कळलंच नाही कोण. मग कळलं. मी विचारलं, कधी?

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्याच वर्षी, गणपती विसर्जन होऊन गेलं त्या आठवड्यात, दुपारी ती एकटी डोंगर चढून आली. गावाहून आली होती, सासू नव्हती, नवरा नव्हता, हातात एक पिशवी. घराकडे गेली नाही, सरळ बालवाडीकडे गेली. तिथे कुलूप. तासभर पायरीवर बसून राहिली, कोणी तिच्याजवळ गेलं नाही. मग काकींच्या दाराशी आली आणि विचारलं, ती ताई आता कुठे बसते? कुठल्या हॉस्पिटलात नेते ती? मला तिच्याकडेच जायचंय, तिने दुसऱ्या कोणाला विचारू नको म्हणून सांगितलंय.

काकींनी तिला आत घेतलं नाही. तिने पाणी मागितलं ते दिलं, उंबऱ्याबाहेर. ती गेल्यावर तो पेला गटारात टाकला. आता नवऱ्याचं ताट मी रोज धुते, म्हणाल्या, त्याच हाताने जेवते. तेव्हा मला काय झालं होतं गो?

"माझा नंबर होता तुमच्याकडे," मी म्हटलं.

"होता."

"मग काय सांगितलंत तिला?"

"सांगितलं, ती बाई आता येत नाही. इकडचं सोडलं तिने." काकींनी पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. "खोटं नाय बोलले मी. तू येतच नव्हतीस."

मला त्यांना दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. खरंच वाटल्या, हात शिवशिवले. पण त्यांच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पाच वर्षं मी पस्तीस मिनिटांची चूक उगाळत बसले होते. ती चूक तिने पचवली होती. गल्लीने वाट दिली ते पचवलं, घर सुटलं ते पचवलं, आणि माझं ऐकून, कोणाला काही न विचारता, ती परत डोंगर चढून माझ्याकडे आली होती. गावच्या दवाखान्याचं माझं ते बाक, तिथली ती शहाणी बाई, सगळं मी रचलेलं होतं. तिने कुठे नाव घातलं असतं तर ती माझा पत्ता विचारत कशाला आली असती?

बाहेर कोणीतरी खोकलं. वेळ झाली होती, काकी उठत नव्हत्या. मी विचारलं, पुढे कुठे गेली? खाली उतरली, त्या म्हणाल्या, मागे बघितलं नाही मी.

मग मी विचारलं, पोट केवढं होतं?

काकींनी हात पोटापासून थोडा पुढे धरून दाखवला. सातवा असेल, म्हणाल्या, चालताना कमरेला हात लावत होती.

सातवा. सातव्यातही गोळ्या सुरू करतात. मी स्वतः नेलेल्या दोघी आहेत, सातव्यात सुरू केलेल्या, दोघींची पोरं धडधाकट आहेत. घाबरू नकोस, उशीर झालेला नाही, असं मी त्यांना तोंडाने सांगितलेलं आहे. तिलाही उशीर झाला नव्हता. ती वेळेत आली होती. मी तिथे नव्हते.